जाणं-येणं धरून

डेक्कन क्वीनने सकाळी 7.15 ला पुणं सोडलं आणि शिवाजीनगर यायच्या आत ओंकारने मला वॅट शिकवायला घेतले. ओंकार माझा भाचा, अकरावीत. कॉम्प्युटरवर गेम अडकतो ही त्याची तक्रार ताईने सहा महिने ऐकली आणि मग माझ्याकडे वर्ग केली. मामा बँकेत आहे, मामाला हिशेब कळतो! बजेट आठ हजार. पुण्यात 7,700 ला मिळणारं जुनं ग्राफिक्स कार्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला 6,500 ला मिळतं, असा त्याने शोध लावला होता. बाराशे रुपये सुटत असतील तर कुठला मामा घरी बसेल?

"गेमला सेकंदाला साठ चित्रं लागतात, मामा. माझ्याकडे चौदा येतात."

"सिनेमाला चोवीस पुरतात की."

"सिनेमात आपल्याला गोळी मारायची नसते."

कटलेट आलं. 1930 पासून धावणाऱ्या या गाडीत बसून कटलेट न खाणं हा उद्धटपणा आहे, असं माझं मत आहे. ओंकारला ते पटलं, त्याने दोन खाल्ली. खाता खाता त्याने जे सांगितलं त्याचा सारांश असा: मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं, ती खाच त्याला 75 वॅट देते. कार्डाची भूक त्याहून मोठी असेल तर एसएमपीएसमधून वेगळी वायर ओढावी लागते, आणि आपल्या एसएमपीएसला ती वायरच नाही. म्हणून 75 वॅटवर भागवणारं, जीटीएक्स 1650 जातीचं कार्ड हवं.

"आणि मोठं घेतलं तर?"

"मग एसएमपीएस बदलायचा. कार्ड लांब असेल तर कॅबिनेट. मग प्रोसेसर मागे पडतो, म्हणून तो. त्याला हा मदरबोर्ड चालत नाही, म्हणून..."

मी हात जोडले. आमच्या घरी गळक्या नळाचा वायसर बदलायला काढला होता, ते काम ओट्याच्या ग्रॅनाइटपर्यंत गेलं होतं.

दादरला उतरून, पूल ओलांडून, स्लो लोकलने ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने पत्ता विचारल्यावर तीन जणांनी मला हॉस्पिटल दाखवलं. आमच्या घरात हा रस्ता ओळखला जाई तो मिनर्व्हा टॉकीजसाठी. तिथे 'शोले' पाच वर्षं चालला, आणि तोही सेकंदाला चोवीस चित्रांवर. हे मी ओंकारला ऐकवलं. तो दुकानांच्या पाट्या वाचत होता.

दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने फुटपाथवरून बोलायचं, एवढी जागा. काउंटरवर पंख्यांची कार्डं मासळीबाजारातल्या पापलेटांसारखी ओळीने मांडलेली. पहिल्याच ठिकाणी मालकाने एक जाडजूड आरएक्स 580 पुढे केलं. आठ जीबी, फक्त साडेचार हजार! चार जीबीसाठी साडेसहा हजार मोजायला निघालेला माझ्यातला बँकवाला जागा झाला.

"माइनिंग का तो नहीं?" ओंकारने विचारलं.

"क्या बात करते हो! डॉक्टर का लडका चलाता था. सिर्फ संडे."

जुन्या स्कूटरच्या जाहिरातींतले ते डॉक्टर अजून आहेत तर. ओंकारने मला बाजूला घेऊन सांगितलं की अशी कार्डं महिनोन् महिने रात्रंदिवस आभासी नाणी पाडत बसलेली असतात. 2022 च्या सप्टेंबरात इथेरियमने तो कारखाना बंद केला आणि सगळी पलटण बेकार होऊन बाजारात आली. मग त्याने कार्ड उलटं केलं. मागे तेलाचे ओघळ होते. आतल्या थर्मल पॅडचं तेल उष्णतेने सुटतं म्हणे. मला तर त्यावर भजी तळल्यासारखी वाटली. शिवाय भूक 185 वॅट. ग्रॅनाइट आठवलं, आणि आम्ही बाहेर पडलो.

पुढच्या दुकानात 1650 मिळालं. मी खिशातून ताईची शिवणाची टेप काढून ते मोजलं, कारण कॅबिनेटच्या आत साडेनऊ इंचच जागा होती. "साहेब, ब्लाउज सिलवाना है क्या?" मालक म्हणाला. कार्ड आठ इंच भरलं. त्याने ते तिथल्या मशीनवर लावून दाखवलं, ओंकारने पेन ड्राइव्हवरून जीपीयू-झेड चालवून कार्डाचं कुळ तपासलं. नाव एक आणि आतली चिप भलतीच, अशी सोंगं बाजारात असतात. हे अस्सल निघालं. 6,500 दिले. सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी, तोंडी.

परतीच्या क्वीनला कर्जतला मागून ढकलणारी इंजिनं, म्हणजे बँकर, लागली. भोर घाटाचा चढ 37 ला 1, पुढचं एकटं इंजिन कुठवर ओढणार?

"हेच मामा! ही मागची इंजिनं म्हणजे ग्राफिक्स कार्ड," ओंकार वड्याचा घास थांबवून म्हणाला. एवढ्या दिवसांत मला प्रथमच सगळं समजलं, आणि त्या आनंदात मी आणखी दोन वडे घेतले.

रात्री दहाला कार्ड खटकन खाचेत बसलं. गेम सुरू झाला. "बघ, पान न् पान दिसतंय," मी म्हणालो. "पाण्यात सावली पडतेय," ताई म्हणाली. ओंकारसुद्धा म्हणाला की फरक जाणवतोय. मग त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा लावला.

चौदा.

आम्ही तिघं कॅबिनेटच्या मागे वाकलो. मॉनिटर ताईच्या लग्नानंतरचा, त्याची निळी पंधरा पिनांची व्हीजीए वायर. नव्या कार्डावर एचडीएमआय होतं, बाकी दोन भोकं होती, व्हीजीए नव्हतंच. ओंकारने सवयीने वायर खाली मदरबोर्डच्या जुन्याच जागी खोचली होती. बँकर लावले होते, पण कपलिंग राहिलं होतं.

"एक कन्व्हर्टर लागेल," तो हळूच म्हणाला. "लॅमिंग्टन रोडला दीडशेला मिळतो."

"आणि इथे?"

"अडीचशे."

सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून तो आणला आणि आकडा साठावर गेला. मी वही काढली. वाचले बाराशे. गाडीभाडं, लोकल, कटलेटं, वडे मिळून गेले 970. कन्व्हर्टर 250. मी दोनदा बेरीज केली. वीस रुपये अंगावर येत होते.

"दुसरे दोन वडे धरू नकोस," ओंकार स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.