कडेकडेने जाणारे

काकांना आचऱ्याला जायचं असतं, पण पोचायचं नसतं. पोचायचंच असेल तर पुण्याहून कोल्हापूर गाठावं, गगनबावड्याला घाट उतरावा, संध्याकाळी सासुरवाडीच्या पडवीत चहा प्यावा. हे त्यांना ठाऊक आहे आणि तसं जाणाऱ्यांबद्दल त्यांच्या मनात एक थंड तिरस्कार आहे. ‘ती माणसं कोकणात जात नाहीत हो, फक्त मुक्कामाला जातात,’ असं ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये टायरला लाथ मारून हवा तपासता तपासता सांगतात. मुंबई-गोवा महामार्गाचं तर नावच काढू नका. 2011 सालापासून तो रुंद होतो आहे. त्या रस्त्यावर भांडायला सरकार मिळतं. नवरा-बायको दोघंही एका बाजूला येतात आणि प्रवासाची मजा जाते.

काका जाणार सागरी महामार्गाने. रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जाणारा हा रस्ता कागदावर मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून आहे. जमिनीवर मात्र तो हप्त्याहप्त्याने भेटतो. खाडी आली की संपतो, पलीकडच्या काठावर पुन्हा उगवतो. मधल्या पाण्यावर जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट. असा रस्ता काकांच्या स्वभावाला फार मानवतो.

साठी उलटली, ग्रॅच्युइटी आली, मुलगा परदेशी गेला आणि गाडीची मागची सीट कायमची रिकामी झाली, की हे जोडपं तयार होतं. कोथरूडात एका इमारतीत अशी दोन तरी सापडतात. काकांचं मूळ गाव गुहागरकडचं. मूळ म्हणजे अगदीच मूळ. पूर्वज पेशव्यांच्या मागोमाग घाट चढले ते परत उतरलेच नाहीत. काकूंचं मूळबिळ काही नाही, त्या नुसत्या आचऱ्याला जन्मल्या, वाढल्या, तिथल्याच शाळेत शिकल्या. त्यामुळे ‘आमचं कोकण’ हा शब्दप्रयोग काका करतात. काकू ‘घरी’ म्हणतात.

तयारीतच दोन राज्यघटना दिसतात. काकांनी एक्सेलमध्ये तक्ता केलेला असतो: गाव, अंतर, भरतीची वेळ, दीपगृह बघायची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात ‘शेरा’. काकूंनी एका पिशवीत दशम्या, लसणीची चटणी, ओला नॅपकिन आणि घाटासाठी आलेपाक भरलेला असतो. ताम्हिणी उतरेपर्यंत तक्ता एक तास मागे पडतो आणि दशम्या संपतात. दोन्हींचं खापर एकमेकांवर फुटतं.

मोबाइल काकूंच्या हातात. ही सत्तेची वाटणी नाही, काकांना जवळचं दिसत नाही एवढंच. पण त्यातल्या बाईवर काकांचा विश्वास नाही आणि तिचं म्हणणं मोठ्याने पुन्हा सांगणाऱ्या बाईवर तर त्याहून नाही. ‘डावीकडे वळा,’ बाई म्हणते. ‘डावीकडे म्हणतेय,’ काकू म्हणतात. ‘तिला काय कळतंय? समुद्र उजवीकडे आहे!’ असं म्हणून काका सरळ जातात आणि कुणाच्या तरी खळ्यात, वाळत घातलेल्या सुपारीसमोर, गाडी उभी राहते. समुद्र खरोखरच उजवीकडे असतो. मध्ये फक्त एक घर, एक वाडी आणि सुपारीच्या पलीकडून रोखून बघणारी एक आजी असते. केळशीच्या पुढे रेंज जाते, बाई गप्प होते. काकू मात्र त्याच सुरात चालू राहतात.

वाट विचारणं काकांना कमीपणाचं वाटतं. आपल्याच मुलखात वाट काय विचारायची! गुहागरला व्याडेश्वराच्या देवळात गेल्यावर तर त्यांचा ऊर असा भरून येतो की विचारू नका. ‘आम्ही मूळचे इथलेच,’ ते गुरुजींना सांगतात. गुरुजी मान वर न करता विचारतात, ‘असं? कधी गेलात?’ ‘बाजीरावाच्या वेळी.’ गुरुजी क्षणभर विचार करतात, म्हणतात, ‘बरं झालं आलात,’ आणि अभिषेकाची पावती कुठे फाडायची ते दाखवतात.

जेवणाचंही तेच. कोकणातल्या घरगुती खानावळीत आधी सांगावं लागतं, आयत्या वेळी आलेल्याला वरणभातही मिळेलच असं नाही. हेदवीला दुपारी दीडला गाडी लावून काका ‘दोन ताटं’ म्हणतात. ‘सकाळी फोन केला होतात?’ ‘नाही.’ ‘मग कसं जमायचं?’ संवाद संपला. पुण्यात दुकानाच्या अर्ध्या उघड्या शटरमागून हेच वाक्य ऐकत काका मोठे झालेले आहेत. इथे ते मुळापाशी पोचले. तरी त्यांना राग येतो. शेवटी काकू स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन काहीतरी बोलतात आणि दोन ताटांत कुळथाचं पिठलं, भात आणि सोलकढी येते. काय बोलल्या ते काकांना कधीच कळत नाही. शेऱ्याच्या रकान्यात ते ‘सेवा तत्पर’ असं लिहितात.

हर्णैचा लिलाव मात्र दोघांना थांबवतो. संध्याकाळी होड्या लागतात, पुळणीवर मासळीचे ढीग पडतात, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि त्याच्याकडे पाठ करून बायका बोली लावत असतात. काका दुर्गाचा फोटो काढतात. काकू ढिगाकडे बघतात, एका पापलेटाचा कल्ला उचलून आतला लाल रंग बघतात, मान हलवतात आणि पुढे जातात. इथे माल लॉटने जातो, अर्धा किलो मागायची सोय नाही, हे त्यांना माहीत असतं. काकांना नसतं. ते एकदा ‘दोनच द्या, आम्ही दोघंच आहोत,’ म्हणाले होते. त्या बाईने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं मीठ अजून उतरलेलं नसेल. काका मासे खायला लग्नानंतर शिकले. काटे अजून काकूच काढून देतात.

पण हे जोडपं ओळखायचं ते दाभोळच्या जेटीवर. वाशिष्ठीची खाडी, पलीकडे धोपावे. फेरीबोट नसेल तर चिपळूणला जाऊन वळसा घ्यायचा, म्हणजे अर्धा दिवस गेला. बोटीचा दरवाजा खाली पडतो आणि हाफपँटमधला, काकांच्या नातवाच्या वयाचा एक पोरगा हात हलवायला लागतो. ‘काका, रिव्हर्स घ्या. घ्या. घ्या. डावी मारा. अजून घ्या. बस! आरसा मिटा.’ आणि काका घेतात, मारतात, मिटतात. अख्ख्या संसारात काकूंच्या एकाही ‘डावीकडे’ला न वळलेला माणूस या पोरासमोर स्टिअरिंगची भिंगरी करतो. काकू हे खिडकीतून बघत असतात. काही बोलत नाहीत. लिहून मात्र ठेवलेलं असतं, तेही त्यांच्या पद्धतीने, म्हणजे कुठेच नाही.

बोट सुटली की पंचाईत होते. वळण नाही, नकाशा नाही, ओव्हरटेक नाही. भांडायला विषयच उरत नाही. मग काका कठड्याला टेकून आजूबाजूच्यांना माहिती देतात. हे दाभोळ म्हणजे एके काळचं केवढं बंदर होतं वगैरे. पलीकडच्या चिमण्या दिसल्या की एन्रॉनचा वीजप्रकल्प येतोच. ‘गंमत बघा, प्रकल्पाचं नाव दाभोळचं आणि उभा आहे खाडीपलीकडे, अंजनवेलला!’ काकू पाण्याकडे बघत म्हणतात, ‘आपलंही तसंच आहे की. सहल तुमची, खोल्यांची बुकिंगं माझी.’ शेजारच्या मोटारसायकलवरचा मुलगा हसतो. धक्का लागेपर्यंत काका इंजिन किती अश्वशक्तीचं असेल याचा अंदाज करत राहतात.

तवसाळ-जयगडची फेरी, गणपतीपुळ्याची गर्दी, हे सगळं येतं नि जातं. आरे-वारेच्या चढावर समुद्र एकदम खालपर्यंत उघडतो, तिथे सगळेच थांबतात. काका थांबत नाहीत, कारण तक्त्यात थांबा पुढच्या वळणावर आहे. पुढच्या वळणावर टेम्पो उभा असतो.

देवगड मागे पडतं, कुणकेश्वर होतं आणि सड्यावर काका पुन्हा चुकतात. जांभ्या दगडाचं माळरान, एक विजेचा खांब, चार गुरं. या वेळी काकू न विचारता काच खाली करतात. कोयता घेतलेला एक माणूस येतो.

‘खंय जावचा तुमका?’

‘आचऱ्याक.’

‘मगे हयसर कशाक इलात?’

काकूंनी उत्तर दिलं नाही, नुसतं काकांकडे बोट दाखवलं. तो माणूस समजला. पुढचं बोलणं इतक्या वेगात झालं की काकांच्या हाती फक्त दोन आडनावं आणि एक वडाचं झाड लागलं. पण त्यानंतर गाडी प्रत्येक वळणावर काकू म्हणतील तिकडे वळली. काकांनी मधल्या वेळात आचऱ्याच्या गावपळणीची माहिती दिली. रामेश्वराचा कौल मिळाला की अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतं, हे त्यांनी वाचलं होतं. लहानपणी आईच्या कडेवर बसून वेशीबाहेर गेलेल्या काकूंनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

घरी मेव्हण्याचा पहिला प्रश्न, ‘खंयच्या रस्त्यान इलात?’ काकांनी छाती काढून रस्ता सांगितला. मेव्हण्याने तो पूर्ण ऐकला आणि आत हाक मारली, ‘अगो, चाय टाक, भावजी लय फिरून इले!’

परतीला वेळ नसतो, त्यामुळे गगनबावडा, कोल्हापूर आणि पुढे तो सरळसोट हायवे. चुकायला जागा नाही. काका शंभरच्या आत, काकू अर्धवट झोपेत, मागे आमसुलं, तळलेले गरे आणि एक फणस. साताऱ्याजवळ चहाला थांबतात.

‘पुढच्या खेपेला रेवसपासून सुरू करू,’ काका म्हणतात. ‘एकही खाडी सोडायची नाही.’

‘चालेल,’ काकू म्हणतात. ‘पण गाडी मी चालवणार.’

लायसन त्यांच्याकडे आहे, काकांच्याही आधीपासूनचं. काका कप खाली ठेवतात. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी असते.

‘मग नकाशा कोण बघणार?’