वार उगारा, लागला म्हणू नका

लातूरच्या ट्यूशन एरियात राहणारा माझा भाचा रात्री जेवणं उरकली की वैद्य होतो. दिवसा तो 'नीट'च्या रांगेत लाखो पोरांच्या मागे उभा असतो. रात्री मात्र मोबाइलवरच्या एका मध्ययुगीन राज्यात त्याचा दवाखाना जोरात चालतो. ना कटऑफ, ना कोटा. "मामा, तिथं आपली प्रॅक्टिस सेट झालीय," असं तो गंभीरपणे सांगतो. ताईला यातलं काही माहीत नाही. तिच्या लेखी तो उशिरापर्यंत बायोलॉजी करतो, आणि वैद्यकी म्हटल्यावर ते अगदीच खोटंही नाही.

या खेळात बटणं दाबून मारामारी नसते, सगळं लिहून चालतं. कुणी राजा, कुणी सरदार, कुणी चेटकीण. आपलं पात्र काय बोललं, काय केलं ते लिहायचं आणि पुढच्याची वाट पाहायची. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ बाजारात आणला, तिथून ही वंशावळ सुरू होते. पुढे १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी संगणकावर नुसत्या शब्दांचं असं एक जग उभं केलं. त्याचं नाव 'मड'.

भाच्याने मला नियम वाचायला दिले. मला वाटलं, ड्रॅगनने दिवसातून किती वेळा आग ओकायची असलं काहीतरी असेल. पण ड्रॅगनवर दोनच ओळी होत्या, बाकी सगळं माणसांच्या वागणुकीबद्दल.

पहिलाच नियम असा: 'मी तलवार मारली आणि तुझं मुंडकं उडालं' असं लिहायचं नाही. 'मी तलवार उगारतो' इथंच थांबायचं. वार लागला की हुकला, हे ज्याची मान आहे त्याने ठरवायचं. आमच्या नांदेडकडच्या लग्नांत हा नियम लावला तर अर्धा मांडव मुका होईल. पोरगं दहावीला नसतं तोवर आत्या त्याला एमबीबीएस करून टाकते, आणि मावशी औसा रोडवर त्याचा दवाखाना उघडून, सून शोधून मोकळी होते. पोराने फक्त जिलबी खायची.

दुसरा नियम याहून अवघड. सगळ्यांचं लिहिणं सगळ्यांना दिसत असतं. त्यामुळे राजवाड्यात शिजलेला कट तुम्ही वाचलेला असतो, पण तुमचं पात्र तेव्हा बाजारात कांदे घेत असेल तर त्याला तो ठाऊक नसतो. माहीत असून माहीत नसल्यासारखं वागायचं. आपल्या गल्लीत याच्या बरोबर उलटं चालतं. माहीत नसलेलंही माहीत असल्यासारखं सांगण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

खरी लढाई मात्र जेवणावरून झाली. वैद्यबुवांनी एका सराईत उतरून भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मागवला. खेळाचा ॲडमिन नांदेडला विष्णुपुरीच्या होस्टेलवर राहणारा, इंजिनिअरिंगचा. त्याने तिथल्या तिथे हरकत घेतली: मध्ययुगात मिरची नव्हती! पोरगं बरोबर होतं. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये, आणि मिरची आली ती त्यानंतर, पोर्तुगिजांच्या जहाजांतून. टोमॅटो, बटाटा, मका, शेंगदाणा हे सगळे मूळचे अमेरिकेकडचे. म्हणजे आमच्या शूरवीराला ठेचा नाही, शेंगदाण्याची चटणी नाही. भाकरी, तुरीचं वरण आणि वरून मिरपूड. "ड्रॅगन उडतोय ते चालतंय, अन् माझा ठेचा कामून चालंना?" भाच्याचा सवाल मला बिनतोड वाटला. शेवटी जवसाच्या चटणीवर तह झाला, तीही मिरे घालून.

या राज्याचा नकाशा मी नीट पाहिला. मधे गोल बाजार, त्याला फुटलेले सोळा रस्ते, दर रस्त्याला वेगळी पेठ. पोरांनी लातूरच्या बाजारपेठेतली गंजगोलाईच उचलली होती. कंधार, औसा, उदगीर असे सणसणीत किल्ले शेजारी असताना यांना गंजगोलाई सापडली. ती १९१७ ची, तेव्हा हरकतीला भरपूर जागा होती. ॲडमिनच्या लक्षात आलं नाही आणि मीही गप्प राहिलो.

खेळणाऱ्याच्या संमतीशिवाय त्याचं पात्र मारायचं नाही, हाही नियम आहे. मोठ्या खेळांत राजालाही अशी सवलत मिळत नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन'ची चाचणी चालू होती. खेळाचे जनक रिचर्ड गॅरियट स्वतः लॉर्ड ब्रिटिश या राजाच्या वेषात प्रजेला दर्शन द्यायला आले, आणि एका खेळाडूने त्यांच्यावर आगीचा मंत्र टाकला. अमरत्वाची कळ चालू करायची राहिली होती. ज्याने जग निर्माण केलं, तो त्याच जगात भर दरबारात मेला.

परीक्षा आली की पात्राला तीर्थयात्रेला पाठवायचं, असाही एक नियम आहे. तो मला सगळ्यात आवडला.

ही पोरं परदेशी खुळात अडकली असं ज्यांना वाटतं, त्यांनी मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेला जावं. खंडोबाचं दर्शन घ्यावं, घोडे-उंट पाहावेत आणि रात्री तमाशाच्या तंबूत शिरावं. वगात राजा असतो, प्रधान असतो. जुन्या वगांत कथेचा सांगाडा तेवढा ठरलेला असायचा, संवाद उभ्या उभ्या जुळवले जायचे. राजाने हुकूम उगारायचा आणि तो लागू द्यायचा की हुकवायचा हे सोंगाड्याने ठरवायचं. नियम कुठं लिहिलेले नव्हते, तरी कुणी मोडत नसे. पुढची जागा हवी असेल तर जेवण लवकर उरका. आणि ठेचा मागवा, तिथं चालतो.