ओरिजिनल थंडी

लंडनच्या इस्टेट एजंटांच्या भाषेत 'ओरिजिनल फीचर' म्हणजे व्हिक्टोरिया राणी वारल्यापासून जिला कोणी हात लावलेला नाही अशी वस्तू. फायरप्लेस ओरिजिनल असेल तर धूर खोलीत येतो, लाकडी जमीन ओरिजिनल असेल तर ती चालताना बोलते, आणि खिडक्या ओरिजिनल असतील तर थंडीसुद्धा ओरिजिनल मिळते, थेट १८९० च्या दशकातली. या सगळ्याचे पैसे किमतीत वेगळे धरलेले असतात. आम्ही ते भरले. घर बघायला आलो तो जून महिना होता, संध्याकाळचं ऊन त्या जुन्या काचांतून आत येत होतं, आणि बायको म्हणाली, "अरे, किती छान आहेत खिडक्या!" जूनमध्ये लंडनात सगळंच छान असतं.

ज्यांनी सॅश खिडकी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही खिडकी बाहेर उघडत नाही, आत उघडत नाही, आडवी सरकतही नाही. काचेच्या दोन चौकटी, एक वर आणि एक खाली. खालची वर उचलायची किंवा वरची खाली ओढायची. आपल्या जुन्या पॅसेंजर गाडीच्या खिडकीची थोरली बहीण समजा. फरक इतकाच, की गाडीची खिडकी बोटांवर पडायची आणि ही पडू नये म्हणून इंग्रजांनी डोकं चालवलेलं आहे. दोन्ही बाजूंना लाकडाची उभी पोकळ खोकी. त्यांत बिडाची लांबोडकी वजनं लोंबत असतात. वजनाची दोरी वरच्या कप्पीवरून येते आणि सॅशच्या कडेला अडकवलेली असते. सॅश वर गेली की वजन खाली, सॅश खाली आली की वजन वर. नऊ-दहा किलोंची काच एका बोटानं उचलायची आणि सोडाल तिथे ती अधांतरी थांबणार. निदान कागदावर तरी.

आमच्याकडे दिवाणखान्यातली वरची सॅश रंगाच्या थरांनी कायमची चिकटलेली होती. आधीच्या मालकांपैकी प्रत्येकानं जाताना एक हात मारून ठेवला असावा. बेडरूममधल्या खिडकीची एका बाजूची दोरी तुटलेली, त्यामुळे ती तिरकी वर जायची आणि मध्येच रुसून बसायची. बाथरूमची खिडकी शांपूच्या बाटलीवर उभी होती. बाटली संपत आली की नवी आणायची, ती केस धुवायला नव्हे. आणि वारा सुटला की सगळ्या मिळून रात्रभर ताशा वाजवायच्या.

डिसेंबरात तिकीट स्वस्त मिळालं म्हणून आई पुण्याहून आली. बॅग खाली ठेवायच्या आत तिनं खिडकीकडे पाहिलं आणि विचारलं, "गज कुठायत?"

"इथे गज नसतात, आई."

"चोर नसतात?"

"असतात. पण गज नसतात."

यावर तिनं जी मान हलवली, तिच्यात इंग्रजांच्या दीडशे वर्षांच्या राज्याचा निकाल लागला. मग तिनं शाल गुंडाळली, देवासमोरची उदबत्ती उचलली आणि खिडकीच्या चौकटीवरून सावकाश फिरवायला लागली. मला वाटलं, नव्या घराची दृष्ट काढतेय. पण धूर सरळ वर जाता जाता एका जागी काटकोनात वळला आणि खोलीत शिरला. "इथे फट आहे," आई म्हणाली. दोन्ही सॅश मधोमध जिथे भेटतात तिथे धूर झोपलाच. "इथे तर दारच आहे." अर्ध्या तासात तिनं पेन्सिलीनं सगळ्या फटींवर फुल्या मारल्या. जी पाहणी करायला इथली माणसं यंत्र घेऊन येतात आणि बिल पाठवतात, ती मोगऱ्याच्या वासासकट फुकटात झाली. तेवढ्यात स्मोक अलार्म वाजला. फटी सोडून त्याच्याकडे धूर गेला कसा, ते त्याचं त्यालाच माहीत.

आता ओळखीच्यांचे सल्ले आले. मराठी माणूस परदेशात गेला की फटाफट दोन गोष्टी शिकतो, हवामानावर बोलणं आणि प्लास्टिकच्या खिडक्यांची शिफारस करणं. "काढून टाका हो तो लाकडाचा पसारा. यूपीव्हीसी, डबल ग्लेझिंग, वीस वर्षं बघायला नको." सांगणाऱ्याचं घर १९३० च्या दशकातलं, खिडक्या रुंद, रस्ता मोकळा. आमचा रस्ता मात्र कॉन्झर्व्हेशन एरियात. १९६७ च्या कायद्यानं ही भानगड सुरू झाली. एकेका इमारतीऐवजी सगळा परिसरच्या परिसर जपायचा. त्यावर आमच्या रस्त्याला आर्टिकल ४ लागलेलं. म्हणजे पुढच्या बाजूची खिडकी बदलायची तर नगरपालिकेची परवानगी हवी, दुरुस्त करायची तर बिनधास्त करा. मागच्या बाजूला तुम्ही काय करता याच्याशी कोणाला घेणंदेणं नाही. म्हणून आमच्या अख्ख्या रांगेची तऱ्हा अशी, की पुढून व्हिक्टोरिया आणि मागून प्लास्टिक. मला यात काही गैर वाटत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये आपणही याच तत्त्वावर उभे असतो.

आईला हे पटवणं कठीण गेलं. "खिडकी आपली, कर्ज आपलं, आणि परवानगी त्यांची?" मी सांगितलं, खिडकीच्या आतली बाजू आपली, बाहेरची रस्त्याची. खरं तर इंग्रज सरकारनं खिडकीत नाक खुपसणं हे आजचं नाही. १६९६ साली, तिकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात असताना, इथे तिसऱ्या विल्यमला पैशांची चणचण भासली आणि त्यानं खिडक्यांवर कर बसवला. जितक्या खिडक्या जास्त, तितका कर जास्त. लोकांनी सरळ खिडक्या विटांनी बुजवल्या. त्या आंधळ्या खिडक्या जुन्या घरांवर अजून दिसतात. कर उठला थेट १८५१ साली. पण तेवढ्यावर भागलं नाही. १६६६ च्या आगीत लंडन जळालं होतं, तेव्हा लाकडाची धास्ती होतीच. १७०९ च्या कायद्यानं खिडकीची चौकट भिंतीच्या दर्शनी भागापासून चार इंच आत ढकलली. १७७४ साली, पुण्यात बारभाई राघोबादादांचा बंदोबस्त करत होते तेव्हा, लंडनसाठी आणखी एक कायदा आला. त्यानं वजनांची लाकडी खोकीसुद्धा विटेच्या मागे लपवायला लावली. आमच्या खिडकीतून बाहेर बघताना चौकट दिसते आणि बाहेरून बघताना जेमतेम दिसते, ते या कायद्यांनी लावलेल्या वळणामुळे. आई म्हणाली, "म्हणजे आग आत आली तर चालेल, बाहेर जाऊ नये." सरकारी धोरणाचा इतका नेमका सारांश मी कुठे वाचलेला नाही.

शेवटी सुतार बोलावला. साठीचा, कमी बोलणारा, कानामागे पेन्सिल. आईनं आल्याचा चहा दिला. तो एक घोट घेऊन म्हणाला, "इंटरेस्टिंग." इथे इतकी वर्षं काढल्यावर मला या शब्दाचा अर्थ कळतो, म्हणून मी तो कप हळूच सिंकमध्ये ओतला आणि त्याला दुधाचा फिका चहा करून दिला. आईला सांगितलं की त्याला फार आवडला. तिनं दुसऱ्या दिवशी डबल आलं घातलं.

पण माणूस कामाचा पक्का. आधी त्यानं रंगाच्या थरात धारदार सुरी फिरवली. १९६० च्या आधीच्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता, म्हणून तोंडाला मास्क, रंग ओला करून खरवडायचा, कोरडा घासायचा नाही. मग आतली पट्टी पटाशीनं उचकटली, खालची सॅश अलगद बाहेर काढली, मधली पट्टी काढली, वरची सॅशही आली. चौकटीच्या बाजूला लाकडाचा एक तुकडा होता, तो मी इतके दिवस ठिगळ समजत होतो. तो खोक्याचा दरवाजा निघाला. आत हात घालून त्यानं बिडाचं वजन बाहेर काढलं. ती खिडकी बनवणाऱ्यानंच वजनं बदलण्यासाठी दार ठेवलं होतं! एकही खिळा वाकवायला नको, काही तोडायला नको. सव्वाशे वर्षांनंतर येणाऱ्या माणसाची सोय करून तो घरी गेला होता. खोक्यात त्याच्याच रंध्याच्या सालपटांचं भेंडोळं पडलेलं होतं. सुतारानं सॅशच्या कापलेल्या टोकावर नखानं रेघा दाखवल्या. लाकडातली वर्तुळं इतकी दाट, की मोजताना नजर घसरत होती. सावकाश वाढलेलं थंड प्रदेशातलं पाइन, म्हणूनच ते अजून टिकलंय, असं त्याचं म्हणणं. खालची कड तेवढी कुजली होती. ती कापून त्यानं नव्या लाकडाचा जोड दिला. जवसाच्या तेलाची लांबी हातात मळताना तो पहिल्यांदा हसला. आईही हसली. पुरणाला इतकं मळत नाहीत, असं तिनं मला मराठीत सांगितलं.

काचा त्यानं तशाच ठेवल्या. जुन्या काचेतून समोरच्या घरातले गृहस्थ कचऱ्याची पेटी ओढत निघाले की एका जागी त्यांचं पोट नाहीसं होतं आणि दोन पावलांवर परत येतं. काच हा सावकाश वाहणारा द्रव आहे, म्हणून ती खाली जाड होते, असं सांगणारा एक इसम प्रत्येक पार्टीत असतो. काच वाहत नाही. ती तेव्हा बनायचीच तशी वेडीवाकडी. शिवाय १७४६ पासून काचेवर वजनावर कर होता, म्हणून ती पातळ आणि तुकडे लहान. १८४५ साली तो कर गेला आणि मोठ्या काचा परवडायला लागल्या. मधल्या बारीक लाकडी पट्ट्या गेल्या, मग सगळा भार चौकटीच्या सांध्यांवर आला, म्हणून सांध्याखाली लाकडाची छोटी शिंगं ठेवायला लागले. आमच्या खिडकीला ती आहेत. सोलापूरच्या पाहुण्यांनी फोटो बघून विचारलं, "ती काय, नजर लागू नये म्हणून?"

आणि मग वजनांचा प्रश्न आला. माझी समजूत अशी, की दोन्ही बाजूंची वजनं मिळून सॅशइतकी भरली की झालं. सुतार म्हणाला, नाही. वरच्या सॅशची वजनं तिच्यापेक्षा थोडी जड हवीत, म्हणजे ती वर घट्ट बसून राहते. खालच्या सॅशची थोडी हलकी, म्हणजे ती खाली बसून राहते. दोघींनाही आपापल्या जागी थांबावंसं वाटलं पाहिजे. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. आई खिडकीकडे बघत होती.

सुताराचा काटा व्हॅनमध्ये कुठेतरी हरवलेला. आई आत गेली आणि बॅग तोलायचा हुकवाला काटा घेऊन आली. पुण्यातल्या कुठल्याही आईच्या पर्समध्ये पासपोर्टच्या आधी तो असतो. आकाशवाहतुकीच्या सगळ्या कायद्यांपैकी आपल्या लोकांनी मनापासून पाळलेला एकच कायदा म्हणजे २३ किलो. सुतारानं दोरीला सॅश अडकवली, काटा उचलला. ९.४. मग एकेक वजन. आई आकडे मोठ्यानं सांगत होती, तो लाकडावर पेन्सिलीनं लिहीत होता. बाथरूमच्या खिडकीत मात्र एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच घरचं वजन निघालं. कोणीतरी पूर्वी हाताला लागलं ते बांधून ठेवलेलं. शांपूच्या बाटलीचं रहस्य उलगडलं. त्यानं आपल्या जुन्या भंगारातून जोडीचं शोधून बसवलं. दोरी कप्पीवरून खोक्यात उतरवायला त्याच्याकडे सुतळीला बांधलेला शिशाचा चिमुकला तुकडा होता. त्याला हे लोक 'माऊस' म्हणतात. उंदीर बिळात गेला, मागोमाग मेण लावलेली सुती दोरी गेली. शेवटी फटींच्या ठिकाणी, बरोबर आईच्या फुल्यांवर, ब्रशसारख्या बारीक केसांच्या पट्ट्या बसल्या.

एका खिडकीमागे काही शे पौंड लागले. तेवढ्यात प्लास्टिकची आली असती का? जवळपास. पण प्लास्टिकच्या दोन काचांमधली सील गेली, की आत धुकं साठतं, आणि मग अख्खी काच बदला. शेजारच्या बाईंच्या मागच्या खिडकीत गेली दोन वर्षं नोव्हेंबर मुक्कामाला आहे. आमच्या खिडकीतला एकही भाग असा नाही, की तो सुटा काढून परत बसवता येणार नाही. मान्य, एकेरी काच ती एकेरीच. रात्री गारवा झिरपतो. त्यावर आईनं आल्या दिवशीच उपाय केला होता, दिवाणखान्याच्या खिडकीला आतून सोलापुरी चादर. लाल-हिरवी, मोर असलेली. आतली बाजू आमची असल्यामुळे आर्टिकल ४ काही करू शकत नाही. रस्त्यावरच्या दोन घरांनी चौकशी केली, हे कापड कुठल्या दुकानात मिळतं.

आईनं खिडकीची खरी कळ मात्र सगळ्यांच्या आधी ओळखली. फोडणी करताना वरची सॅश टीचभर खाली, खालची टीचभर वर. गरम हवा वरून जाते, गार खालून येते. हिंगाचा वास खोलीत थांबत नाही, थेट शेजारी जातो. खिडकीच्या मूळ रचनाकारांनी एवढ्याचसाठी दोन्ही सॅश हलत्या ठेवल्या होत्या. शतकभर रंग फासून लोकांनी त्यातली निम्मी खिडकी बंद केली होती.

परतीच्या आदल्या रात्री बॅग तोलली. २४.८. बायको म्हणाली, "आई, काय काय आहे त्यात?" आईनं चेन उघडली. साड्यांच्या खाली, स्वेटरमध्ये गुंडाळून, बाथरूमच्या खिडकीतलं ते बेवारशी बिडाचं वजन. पुण्यात गॅलरीचं दार वाऱ्यानं आपटतं, त्याला लावायला बरं पडेल.

"अगं, तीन किलो आहे ते!"

"दोन-नऊशे," आई म्हणाली आणि भाचरांसाठी घेतलेली चॉकलेटं एकेक करून बाहेर काढायला लागली.