पेण ते रोहा, जमिनीखालून: नवशिक्यांसाठी

तुम्हाला पेणहून रोह्याला एक पाइप न्यायचाय ना? गॅसचा, पाण्याचा की केबलचा, ते नंतर बघू. वरची जमीन कोणाची हे सातबारा सांगतो. खालून जायची परवानगी कोण देणार, त्यासाठी हे मार्गदर्शन. चपला मात्र मजबूत घ्या.

1. महसूल संहिता, 1966. कलम 20 उघडा. जी जमीन दुसऱ्या कोणाची नाही, ती सगळी शासनाची: रस्ते, नाले, नदीचं पात्र. म्हणजे मालक एक आणि अर्जही एकच! या आनंदात चहा घेऊन टाका, पुन्हा सवड मिळणार नाही.

2. आता शासन शोधा. महामार्ग 66 केंद्राचा. शहरातला रस्ता नगरपरिषदेचा. पुढे कुठे बांधकाम खातं, कुठे जिल्हा परिषद, गावात ग्रामपंचायत. खारबंदिस्ती लागली की खारभूमी खातं. झाडी लागली की वन खातं, आणि 1980 च्या कायद्यामुळे थेट दिल्ली. रोह्यात तर मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होते. रूळ जोडलेले आहेत, अर्ज मात्र वेगवेगळे लागतील. 'आमची हरकत नाही, पण आधी त्यांचा दाखला आणा,' हे वाक्य प्रत्येक टेबलावर ऐकू येईल. आवक क्रमांक टाकून पोच घ्या. ती तेवढी शेवटपर्यंत तुमची.

3. 'मी काय अलिबागहून आलोय?' असं या जिल्ह्यात चुकूनही म्हणू नका. साहेब नेमके तिथेच मीटिंगला गेलेले असतात.

4. वहिवाट लावायचा मोह होईल. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात खासगी जमिनीवर 20 वर्षं, सरकारी जमिनीवर 30 वर्षं विनाअडथळा आणि उघडपणे वापर लागतो. पुरलेला पाइप उघडपणे कसा वापरायचा, हे वकिलांना विचारा. फी आगाऊ द्या.

5. त्यापेक्षा पेट्रोलियमवाले व्हा. 1962 च्या कायद्यात सगळं सुबक आहे: राजपत्रात अधिसूचना, हरकतीला 21 दिवस, मग घोषणा, की वापरहक्क सरकारचा नाहीतर कंपनीचा. जमीन शेतकऱ्याचीच राहते. त्याने भात लावावा. फक्त त्या पट्ट्यात घर बांधू नये, विहीर खणू नये, झाड लावू नये. भरपाई बाजारभावाच्या 10 टक्के, पिकाचं नुकसान वेगळं. कुरकुरला तर समजावा, बाबा, बांधावर खुणेचा खांब फुकट मिळालाय, म्हैस बांधायला बरा.

6. ही पायरी सोडून द्या. विनोबांचं जन्मगाव गागोदे पेण तालुक्यातच. 1951 पासून ते पायी फिरून जमीन मागत होते आणि लोक देत होते. पण ते मालकाच्या दारात जाऊन, त्याच्या तोंडाकडे बघून मागायचे. तुमच्या प्रकल्प अहवालात त्यासाठी रकाना नाही.

7. खोदा. रात्री जेसीबी, पहाटे मुरूम, वर सिमेंटचं ठिगळ. खोदण्याआधी इतरांना कळवायला केंद्राने 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलंय. ते मोबाइलवर घेऊन ठेवा, चौकशीत दाखवायला होतं. जुनी पाण्याची लाइन फुटलीच, तर गर्दीत मिसळून 'कोणी खोदलं हे?' असं सगळ्यांच्या आधी ओरडा.

8. हिंमत खचली तर हेटवण्याला जाऊन या. पेण तालुक्यात भोगेश्वरी नदीवर धरण आहे. तिथलं पाणी पाइपातून सिडकोच्या वसाहतींपर्यंत बिनबोभाट पोचतं. सगळे दाखले मिळू शकतात, हे तिथे पटेल. येताना खारेपाटावरून या आणि अर्जाला जोडायला पाइपलाइनचा एक फोटो काढा. टँकरची वाट बघत हंडे मांडून बसलेल्या बायका त्यात येणार नाहीत, असा कोन धरा.