एफ गेला, आता काय? रोटेशनग्रस्त कुटुंबांसाठी मार्गदर्शिका

पोकेमॉनच्या कार्डांचा खेळ मनावर घेतलेल्या घराने एप्रिल महिना जपून काढावा. मुलांच्या वार्षिक परीक्षा चालू असतात, तारापूर एमआयडीसीत मार्चअखेरचे हिशेब नुकतेच मिटलेले असतात, आणि नेमक्या त्याच सुमारास ‘स्टँडर्ड’ स्पर्धांतून एका अक्षराची कार्डे बाद होतात. यालाच रोटेशन म्हणतात. १४ एप्रिल २०२३ला डी गेला, ५ एप्रिल २०२४ला ई आणि ११ एप्रिल २०२५ला एफ. अशा प्रसंगी बोईसरच्या सुज्ञ कुटुंबाने पुढीलप्रमाणे वागावे.

पायरी पहिली : भिंग आणावे. कार्डाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, इवल्या चौकटीत एक अक्षर असते. कार्ड किती चमकते, त्यासाठी किती हट्ट झाला होता, याला स्पर्धेत काडीची किंमत नाही. अक्षर तेवढे पाहतात. एफ गेला तेव्हा जी, एच आणि आय उरले. आर्सियस व्हीस्टार, लुगिया व्हीस्टार, गिराटिना व्हीस्टार अशी भारदस्त मंडळी एका रात्रीत निवृत्त झाली.

पायरी दुसरी : शोक आवरावा. तेच कार्ड नव्या अक्षरानिशी पुन्हा छापले गेले असेल, तर जुनी प्रतही चालते. अल्ट्रा बॉल असाच वाचला, कारण २०२३च्या ‘स्कार्लेट अँड व्हायोलेट’ संचात तो जी घेऊन परतला होता. बेसिक एनर्जीला तर रोटेशन लागूच नाही. हा नियम न वाचता कार्डे धाकट्या भावाला दान करणाऱ्यांना ती परत मिळवताना फार मोठी किंमत मोजावी लागते.

पायरी तिसरी : आईला समजावणे. ही सर्वांत अवघड. “अरे, फाटली नाहीत, भिजली नाहीत, मग चालत का नाहीत?” या प्रश्नाला इतिहासातून उत्तर द्यावे. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ने १९९५ मध्ये फक्त अलीकडच्या संचांची वेगळी स्पर्धा सुरू केली. नव्या खेळाडूला जुनी, दुर्मिळ कार्डे धुंडाळावी लागू नयेत आणि तेच ते डेक वर्षानुवर्षे जिंकू नयेत, हा त्यातला फायदा. नवी पाकिटे खपतात, हा दुसरा फायदा आई स्वतःच सांगते. मात्र २०२३ मध्ये मॅजिकने कार्डांची मुदत दोनावरून तीन वर्षांवर नेली, हे तिच्या कानावर जाऊ देऊ नये.

पायरी चौथी : नवा डेक. कार्डे बरोबर साठ, आणि बेसिक एनर्जी सोडून एका नावाची चारपेक्षा जास्त नाहीत. विकत घेण्याआधी ‘पोकेमॉन टीसीजी लाइव्ह’ या फुकट अॅपवर हरून पाहावे. तिथे हरणे स्वस्त पडते. घरच्या सरावाला कागदाच्या चिठ्ठ्यांवर नावे लिहून त्या स्लीव्हमध्ये घातल्या तरी भागते.

पायरी पाचवी : प्रवास. मुंबईला स्पर्धेसाठी जायचे तर डहाणू लोकल आहे. एप्रिल २०१३ पासून ही सोय झाली. पण उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे अशी स्थानके मागे पडत असताना खिडकीशी बसून डेक मोजू नये. वैतरणेच्या पुलावर वारा असतो आणि एकोणसाठ कार्डांचा डेक कोणत्याच नियमात बसत नाही.

पायरी सहावी : निवृत्तांची सोय. ‘एक्सपांडेड’ प्रकारात २०११च्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’पासूनची कार्डे चालतात. फक्त समोर बसणारा दुसरा माणूस लागतो.

शेवटचा मुद्दा मामांचा. खेळण्यांच्या दुकानातून ते सोनेरी प्लास्टिकच्या कार्डांचा अख्खा डबा आणतात. ही कार्डे कधीच बाद होत नाहीत, कारण ती मुळात कधी ग्राह्यच नव्हती. मामांसमोर भिंगाने अक्षर शोधल्याचा देखावा करावा, “एकदम भारी” म्हणावे आणि पुढच्या वाढदिवसाआधी हव्या त्या पाकिटाचे नाव मामींच्या मोबाइलवर पाठवून ठेवावे.