रिफ्रेशचे माहात्म्य

डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा पांढरेफटक पडले तर घाबरू नये. माउसची उजवी कळ दाबून ‘रिफ्रेश’ करावे. नाही जमले, तर पुन्हा करावे, अंमळ श्रद्धेने. ‘आयकॉनकॅश’ नावाची लपलेली फाइल बिघडते, ती पुसली की विंडोज नवी बनवते, असे काही जाणकार म्हणतात. पण रोग बरा झाला तर उपचार कशाचे करायचे?

सरकारही असेच रिफ्रेश करते. दादरा-नगर हवेली बघा: १९५४ला मुक्त, १९६१ला केंद्रशासित, २६ जानेवारी २०२०ला दमण-दीवशी संलग्न. दरवेळी पाटी कोरी करकरीत, अर्ज जुन्याच फडक्यात बांधलेले. रिफ्रेशचे हे बळ जनतेलाही लाभावे, म्हणून तिथल्या सिल्वासा शहरात प्रत्येक सरकारी खिडकीवर उजवी कळ बसवावी. दाबताच रांग पुन्हा पहिल्यापासून.