दुरुस्तीला चाललोय, साहेब!

२०२१ च्या केंद्रीय नियमाचे आम्ही करमाळकर स्वागत करतो. पन्नाशी उलटलेली, मूळ रूपातली गाडी आता ‘व्हिंटेज’. नव्या नोंदणीला फक्त २०,००० रुपये. मात्र ती रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती असल्या कामांसाठीच. रोजच्या वापराला मनाई. कमलाभवानीचे दर्शन यादीत नाही. (देवीने समजून घ्यावे.)

आमच्या गल्लीतली १९७१ ची फियाट ११०० हा नियम तो निघण्याच्या आधीपासून पाळते. मेकॅनिकने हात टेकल्यावर मालक स्वतःच शिकले, आणि तांत्रिक संशोधन अखंड सुरू आहे. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, कार्बोरेटरच्या जेटमध्ये फुंकर मारायची, सोलापुरी उन्हात फ्युएल पंपावर ओले फडके ठेवायचे आणि शेजाऱ्यांना धक्क्याला बोलवायचे. इतका कायदेशीर नागरिक तालुक्यात दुसरा नसेल.

परवा घात झाला. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली, जेऊर स्टेशनवरून पाहुणे घेऊन न अडखळता परतली. चक्क वापर!

मालक हबकले. अंधार पडताच बॉनेट उघडून त्यांनी एक प्लग काढून ठेवला.